शुक्रवारचा कमिट

महापे, तिसरा मजला, संध्याकाळचे साडेसात.
बाकीचे कॅबमध्ये बसून गेले.
खिडकीत पारसिकचा डोंगर,
खाणीने एका बाजूने खाल्लेला.

चार हजार एकशे बारा फायली.
अकरा वर्षं, तेवीस माणसं,
आणि कंस कुठल्या ओळीवर उघडायचा
यावर तीन मीटिंगा, एक लांबलेला रुसवा.
शेवटी ठरलं, माणसाने माणसाला सांगायचं नाही.
यंत्र सांगेल.
यंत्राचा राग आला तरी
चहाला त्याच्या शेजारी बसावं लागत नाही.

मी बटण दाबलं.
सोळा सेकंद.

मोडी लिहिणारे आधी पानभर रेघा ओढत
आणि मग अक्षरं टांगत,
असं भूमी अभिलेखातले माझे चुलते सांगायचे.
आम्ही उलटं केलं.
अक्षरं आधी, रेघ अकरा वर्षांनी.
छान दिसत होतं, खोटं कशाला बोलू.

मग दरांची फाईल उघडली. नौशाद मुकादमची.
तो बरोबरची चिन्हं एकाखाली एक लावायचा,
आकडे उजवीकडून,
मधल्या जागा बोटाने मोजून.
एक लांब नाव आलं की चाळीस ओळी पुन्हा सरकवायचा.
आम्ही हसायचो,
नौशादभाई, कंपायलरला डोळे नसतात.
मला आहेत, म्हणायचा.
त्याचे अब्बा तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात
एका गाळ्यावर पट्ट्या लिहायचे,
गोणी, वजन, तोलाई, हमाली.
आकडा रांगेतून सरकला, की समजायचं
कुणाचं तरी बुडालं.

आता प्रत्येक चिन्ह आपापल्या नावाला चिकटून उभं,
मध्ये एकच जागा, नियमाप्रमाणे.
फाईलची कड करवतीसारखी.
नौशाद दोन वर्षांपूर्वीच ऐरोलीला गेला, दुसऱ्या कंपनीत.
त्याला कळवावं असं काही नव्हतं.

सोमवारी सगळे खूश.
रिव्ह्यूमध्ये पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं,
हा कोड नक्की करतो काय?
आणि ही ओळ कुणाची, असं विचारलं
तर प्रत्येक ओळीवर माझं नाव.
मी नोकरीला लागण्याआधीच्या ओळींवरसुद्धा.

बुधवारी रात्री पावणेतीनला फोन,
ताई, एका दरात शून्य जास्त पडलंय,
ओळ तुमच्या नावावर दाखवतेय.
मी घणसोलीत, स्वयंपाकघराच्या ओट्याशी,
मांडीवर लॅपटॉप, पाय फरशीवर गार.
चाळीस मिनिटं शोधलं. सगळं नीटनेटकं.
नीटनेटक्यात काही सापडेना.

शेवटी शुक्रवारच्या आधीची फाईल काढली.
ते शून्य तिथे
गर्दीतल्या कोपरासारखं बाहेर आलेलं.
दीड वर्षापूर्वी कुणीतरी घातलेलं,
दर या आठवड्यात पहिल्यांदा वापरात आला.
कुणी घातलं, तेही तिथेच होतं,
यंत्राने पुसण्याआधीचं खरं नाव.
माझंच.

दुरुस्त केलं.
यंत्राने ज्यांना हात लावायचा नाही
त्या यादीत एका फायलीचं नाव लिहिलं.
कारण लिहिणं सक्तीचं आहे, नियम मीच केलाय.
लिहिलं, आकडा सरकला तर दिसावा म्हणून.
आणि चाळीस ओळींच्या जागा
पुन्हा मोजायला बसले, बोटाने,
दूधवाला येईपर्यंत.

सकाळी खाली ओजसचा शेरा,
दोन महिने झालेत त्याला लागून,
नियम सगळ्यांना सारखा ना, मॅम?

बरोबर विचारतोय.
तीन वेळा उत्तर लिहून खोडलं.