तेरावा ब्लॉक

दिवसाचे शहाण्णव तुकडे, पंधरा-पंधरा मिनिटांचे.
तेरावा सुरू होतो रात्री तीनला.
आईपुढे मी तो आकडा उच्चारत नाही,
बाबांना जाऊन वर्ष व्हायचंय अजून.

विजयनगरच्या चौथ्या मजल्यावरून
मी देवासच्या टेकडीवरचा वारा विकते.
विकते म्हणजे, उद्या किती वाहील ते आज लिहून देते.
चुकलं तर दंड. वाऱ्याला नाही, आम्हाला.

श्रावणात तो रात्रीच भरात येतो,
दर दोन रुपये दहा पैसे, आणि घेणारं कोणी नाही.
वरून निरोप: कमी करा.
मी फोन लावते. लाखन म्हणतो,
"हवा तो गजब चल री है, मैडम,"
आणि सातांतले चार पंखे थांबवतो.
माळव्याच्या रात्रींची केवढी तारीफ करतात लोक.
तारिफेला दर नसतो.

संध्याकाळी सातला
तेच युनिट नऊ रुपये चाळीस,
आणि टेकडीवर गवताचं पातं हलत नाही.

बाबा पालद्याच्या बर्फ कारखान्यात होते.
रात्रभर पाणी गोठवायचे, दुपारी सियागंजात लादी पोचवायचे.
"आपण बर्फ कुठे विकतो? कालची रात्र विकतो."
गोणपाट, भुसा, सगळं करूनही
हातगाडीमागे एक ओली रेघ.
मी तिच्यावरून अनवाणी चालायचे.
"ती पण भावात धरलीय," म्हणायचे,
"गळतं ते आधी मोजायचं."

मार्चमध्ये टेकडीच्या पायथ्याशी
बॅटऱ्यांचे बारा पांढरे डबे येऊन बसले.
शंभर घाला, पंच्याऐंशी मिळतात.
शिरढोणकर साहेब त्या पंधरांसाठी
विकणाऱ्याशी तासभर भांडले.
कर्ज दहा वर्षांचं. डबे बारा वर्षं टिकतात, म्हणतात.
'म्हणतात' मी वहीत लाल शाईने लिहिलंय.

आज तीनला मी लाखनला थांबव म्हटलं नाही.
पडद्यावर हिरवी पट्टी चढत गेली,
गच्चीवरची टाकी भरावी तशी, सावकाश.
सातपर्यंत काय होईल, दर पडेल की चढेल,
ते मलाही ठाऊक नाही.

साडेतीनला त्याचाच फोन.
डब्याच्या जाळीतून गरम हवा येतेय,
बिघाड तर नाही?
नाही, म्हटलं, तेवढं गळतंच.
तर म्हणाला, बरंय मग,
पावसात भिजलेली एक कुत्री
पिल्लांना घेऊन तिथेच टेकून बसलीय.

मी तेराव्या ब्लॉकपुढचा रकाना भरला.
तोट्याच्या खाली कुत्रीसाठी जागा नव्हती.