क्षेपक

तेरावा भाग लागला त्या रविवारी
देवगडात सकाळपासून वीज नव्हती.
'नौका सत्तावीस' तिकडे दिल्लीहून सुटली
आणि आमच्या सुरूवरचा अँटेना
नुसता एक कावळा घेऊन बसून राहिला.

पुढे काय झालं ते महिन्याभराने कळलं,
एस.टी. स्टँडवर, डिमेलोच्या टपरीत,
भज्यांच्या कढईशेजारी दोरीला टांगलेल्या
चित्रकथेच्या सहाव्या अंकात, किंमत पाच रुपये:
इंजिनियर वसुधा नौकेच्या भोकातून बाहेर फेकली गेली
आणि दोन पानांनी, कुठल्याशा चंद्राच्या बर्फावर,
हातातला पाना न सोडता
उठून बसली.

लवू जुवाटकर त्या रविवारी रत्नागिरीत, मावशीकडे.
त्याने तो भाग बघितलेला.
"ती मेली. टीव्हीर मेली.
पुस्तकात काय, कोणाकव जिवंत करतत."

एकतीस वर्षं हा खटला चालू आहे.

लवूचं म्हणणं, ज्यांनी गोष्ट रचली,
नट उभे केले, पैसे घातले, त्यांचं तेच प्रमाण.
बाकीचं क्षेपक.
हा शब्द त्याने गुरवसरांच्या तासाला उचलला
आणि माझ्या कपाळावर खिळ्यासारखा ठोकला.
माझं म्हणणं एवढंच होतं
की मला दुसरं काही दाखवलंच नाही कुणी.

शिवाय आमचा टीव्ही काळापांढरा.
गणवेश राखाडी, आकाश राखाडी,
परग्रहावरची झाडंसुद्धा
वाळत घातलेल्या बांगड्याच्या रंगाची.
निळा मला चित्रकथेने दिला.
स्वस्त छपाईचा, रेघ ओलांडून
वसुधाच्या गालावर सांडलेला,
घामाच्या बोटाला लागणारा निळा.

गेल्या शिमग्यात लिलाव चालू असताना
लवूने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला.
कुठूनशी मिळवलेली रंगीत प्रत.
गणवेश मोहरीच्या रंगाचा.
वसुधा मेली,
नीट, संगीतासकट, डोळे उघडे ठेवून.
मागे कुणीतरी सुरमईच्या टोपलीला
अडीच हजार, अडीच हजार, म्हणून ओरडत होतं.
मी म्हणालो, रंग चुकलाय.

लवू हसला. मग हसायचा थांबला.
त्याचा चुलता सात वर्षं कचेरीच्या वहीत 'बेपत्ता' होता,
आठव्या वर्षी कागदावर मेला.
चुलतीने सही केली, पैसे मोजून घेतले,
फक्त मच्छीमार सोसायटीचं त्याचं भागपुस्तक दिलं नाही.
"ता त्येचा आसा. तो इलो काय बघतलो."
तिच्याशी लवू प्रमाणावर कधी बोलला नाही.
मीही तिचं नाव काढलं नाही. वादात सगळंच वापरायचं नसतं.

नारळी पौर्णिमेआधी होडी रंगवायला काढली.
कणकवलीच्या दुकानात अंक घेऊन गेलो,
सहावा, पान अकरा, कडा कसरीने खाल्लेल्या.
दुकानदाराने तीन डबे एकमेकांत ओतले,
चौथा उघडला, पंख्याखाली फळी वाळवली.
"असो निळो खंय नसता," म्हणाला,
आणि आपण केलेल्या निळ्याकडे बघत राहिला.

बंदर कचेरीत कारकुनाने विचारलं, रंग?
मी म्हटलं, वसुधाचा.
त्याने मान वर न करता लिहिलं, निळा.
शिक्का मारला. एक प्रत मला,
एक सरकारदरबारी, लोखंडी कपाटात.

लवूला दाखवली.
चष्मा कपाळावर चढवून, कागद लांब धरून
त्याने दोनदा वाचली.
"शिक्को खरो आसा," म्हणाला,
आणि खाली वाकून बर्फ फोडायला लागला.