खांबांचे पत्ते

धारूरला बदली झाली तेव्हा स्टाफरूममध्ये विचारलं होतं,
इथं रानफुलं कुठं पाहायला मिळतील?
सगळे हसले.
भूगोलाचे तिडके सर चहा फुंकत म्हणाले,
फुलं साताऱ्याकडं, मॅडम. आपल्याकडं कुसळं.

मग माघ सरता सरता एका दुपारी कॉलेजची लाईट गेली
आणि मेहताब पठाण आला.
खांद्यावर दोर, कमरेला पक्कड,
एक हातमोजा काळा, एक लाल.
फ्यूज बसवता बसवता आमचं बोलणं ऐकलं असावं.
जाताना दारात थांबला.
फुलं पायजेत नव्हं? घ्या लिहून.

हजेरीपटाच्या मागच्या पानावर मी लिहीत गेले:

आसरडोहच्या लाईनीवर खांब नंबर सदुसष्ट.
पळस हाय. पान एक न्हाई, नुसता जाळ.
नवाच्या आत जावा, मंग साळुंक्या भांडायला लागत्यात.

घाटात दुसऱ्या वळणावर
जिथं ट्रकवाले इंजनाला पाणी पाजतेत,
तिथून खाली वघळीत चौऱ्याऐंशी. काटेसावर.
खाली धायटी बी हाय, फूल चोखून बगा, गोड लागतंय.

एकशेतीनला गणेर.
वाळून गेलंय म्हणताल,
पर टोकाला पिवळी वाटी धरून उभं असतंय
माळावर, कुणी वाढंल म्हणून.

अन् एकोणऐंशीला पांगारा.
बहाव्याचं आत्ता इचारू नका. चैत सरू द्या.

एवढं बोलून तो सायकलवर टांग टाकून गेला.
लाईट आली. पंखे फिरले. पान उडू नये म्हणून मी त्यावर डस्टर ठेवलं.

रविवारी स्कूटी काढली.
सदुसष्टला खरंच जाळ होता,
आणि त्यात एक काळा मुंगळा, अजिबात न भाजलेला.
चौऱ्याऐंशीखाली सावरीची फुलं टपटप पडत होती,
एक शेळी ती पापडासारखी खात होती.
वाटेत पत्ता नसलेलीही भेटली:
रिंगणी, भुईला पाठ टेकून निजलेली, जांभळी,
स्वतःच्याच काट्यांत.
बांधाबांधानं पिवळा धोत्रा.
गणेरीपाशी मी उगाचच चप्पल काढली.
खडक तापलेला होता, लगेच पुन्हा घातली.

एकोणऐंशीला पांगारा नव्हता.
बुंधा होता, ताजा, कडेनं भुसा.

तेव्हा आठवलं.
सदुसष्टला, चौऱ्याऐंशीला, एकशेतीनला,
प्रत्येक खोडावर गेरूची एक फुली होती.
मी फुलं बघत होते,
फुली बघितली नव्हती.

बाजारच्या दिवशी मेहताब दिसला, कलिंगड टिचकीनं वाजवून बघत होता.
मी काही म्हणायच्या आधीच म्हणाला,
एकोणऐंशीचं कळलं मला.
पोरीच्या लग्नाची रजा होती. दुसऱ्याला धाडलं.

म्हणजे तुम्ही मला तोडायची यादी दिलीत?

त्यानं दुसरं कलिंगड उचललं. तेही ठेवलं.
साहेबाची यादी हाय, बाई. पावसाच्या आदी तारंखालचं साफ करायचं.
वारं सुटलं की फांद्या तारंला लागत्यात,
मंग गाव अंधारात, अन् शिव्या आमाला.
दुसरी यादी माझ्याकडं कुठनं येणार?

मग आवाज खाली करून:
पर शिडी मोडलीया.
दर साली फाल्गुनात मोडती.
शेंगा धरल्या की व्हती नीट.

परवा वीजबिल भरायला गेले.
ऑफिसच्या मागं, बाभळीच्या सावलीत
शिडी आडवी पडली होती.
रांगेत वेळ होता, मी पायऱ्या मोजल्या.
अकरा.
सगळ्या शाबूत.

खिडकीतून साहेब कुणाला तरी विचारत होते,
शिडीचं काय झालं?
त्यांनी माझ्याकडंही पाहिलं असेल.
मी बिलावरचा आकडा पुन्हा वाचायला घेतला.