अधिक-उणे

पहिल्या वर्षाची प्रयोगवही अजून आहे माझ्याकडे.
तेराव्या पानावर रबर घासून घासून
कागद पापडासारखा झालेला.

त्या दिवशी गुरुत्वाकर्षण मला कमी भरलं.
अर्धा मीटर दोरा, शिशाचा गोळा, वीस झोके,
स्टॉपवॉच इतकं जुनं की दाबताना अंगठा दुखायचा.
उत्तर आलं नऊशे बेचाळीस.
बाकी सगळ्या टेबलांवर नऊशे अठ्ठ्याहत्तर,
मागच्या बॅचच्या वहीतून उतरलेलं,
सुबक, निळ्या शाईत.

बाहेर उसाची ट्रॉली गतिरोधकावर आदळली.
गोळा किंचित थरथरला.
मी रबर उचललं.

तेवढ्यात इलाही मामा आले.
आडनाव शिकलगार, आज्यानं तलवारींना धार लावलेली.
मामा भिंगं पुसायचे,
जुन्या मलमलीनं, श्वास धरून, एकाच दिशेनं.
नववी नापास.
पण कुठल्या कॅलिपरला कसली खोड आहे
हे सरांनासुद्धा त्यांनाच विचारावं लागे.
"ही तीन घरं पुढं बोलती. तेवढी वजा कर,
मग बघ कशी खरं सांगती."

"खोडू नगंस," म्हणाले. "आकडा खोटा न्हाई.
कुठपतूर मोजलंस?"
"दोरा संपतो तिथपर्यंत."
"आन् गोळ्याचं प्वाट कोण मोजणार, मी?"

मग लाल मातीची गोष्ट सांगितली.
गंगावेशीकडच्या तालमीत होते तरुणपणी.
वस्ताद म्हणायचे, डोळ्याकडं बघू नको, डोळा फसवतोय.
खांदाबी फसवतोय.
बेंबीकडं बघ.
बेंबी जिकडं, गडी तिकडं.

गोळा चिमटीत धरून त्यांनी माझ्यासमोर फिरवला.
"ह्याची बेंबी आत हाय.
पट्टी लागत न्हाई तिथं, डोळा पोचत न्हाई.
तरीबी माप तिथपतूरच."

पुस्तकाच्या पहिल्या पानावर
पदार्थविज्ञानाची व्याख्या होती. चार ओळींची.
पाठ केली, परीक्षेत लिहिली, विसरले.
हे मात्र राहिलं.

आणि मग ज्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत
तीही माणसं मला आमच्याच बॅचची वाटू लागली.
कुणी अंगणात काठी रोवून
सावलीमागं खडे मांडत गेलं वर्षभर.
कुणी एका भटक्या तांबड्या चांदणीसाठी
थंडीत गच्चीवर अर्धं आयुष्य काढलं,
घरच्यांनी वेडा ठरवलं.
पृथ्वी शेषाच्या फण्यावर होती,
मग मधोमध आली,
मग कडेला, मग कडाच सापडेना.
प्रत्येकाचं माप दोऱ्यापर्यंत.
मागून आलेल्यानं जमलं तर जुनं खोडलं नाही,
खाली आणखी एक ओळ लिहिली
आणि तिच्या शेपटीला ते बारकं चिन्ह:
अधिक, त्याच्या पायाशी उणे.
सही करताना माणसानं
मान थोडी खाली घालावी, तसं.

परवा मामा रंकाळ्यावर भेटले.
निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, गुडघे गेलेत,
कठड्यावर बसून शेंगा सोलत होते.
"काय गं, आता शिकवतीस म्हणं?
मग घावलं का सगळं, वरचं?"

म्हटलं, मामा, कुठलं.
तारे, ग्रह, हा तलाव, तुम्ही, मी,
सगळं मिळून शंभरातले पाच भरतात.
उरलेले पंच्याण्णव कशाचे
कुणालाच माहीत नाही.
ओढ जाणवते फक्त.

शेंग दाढेत धरून मामा हसले.
"म्हंजे अजून दोऱ्यापतूरच मोजताय की रं लेकांनो."

टरफलं पाण्यात पडली.
पलीकडच्या दिव्याचं प्रतिबिंब
हलायला लागलं,
आणि सवयीनं मी झोके मोजू लागले.
एकोणीस झाले की वीस,
सांगता यायचं नाही.
अधिक-उणे एक.