चोडणच्या धक्क्यावर

अठरा पूर्ण झाली की शाळा संपते,
असा नियम आहे.
हजेरीत विशांत गावसच्या नावावर
मी लाल रेघ मारली, ती वाकडी गेली.
त्याने पाहिलं, आणि पट्टी आणून दिली.

त्याच्या फायलीत एक दाखला आहे, गोल शिक्क्याचा:
पंच्याहत्तर टक्के.
एवढे टक्के माझ्या झिलाला
त्याच एका कागदावर मिळाले, बाई,
असं त्याची आई म्हणते, हसते,
आणि हसून झाल्यावरही
तोंडावरचा पदर काढत नाही.

दुसरा कागद मी भरायचा होता.
पाच वर्षांनी विद्यार्थी काय करत असेल?
खाली चार ओळींची जागा.
अख्खी मधली सुट्टी पेन उघडं ठेवून बसले,
शेवटी त्यालाच विचारलं.
म्हणाला, पगार. चहा. आईला फॅन.
तेवढंच लिहिलं.
उरलेल्या जागेत रेघ मारली, पट्टी लावून.

पहिला आठवडा फेरीबोटीत मी त्याच्या शेजारी.
फळी खाली टेकली की चालायचं, आधी नाही.
स्कूटरवाले घाईत असतात, त्यांना जाऊ दे.
रायबंदरला उतरलास की नदी डाव्या हाताला ठेव,
निळं दार येईपर्यंत.

निळ्या दारामागे काजू निवडतात.
अख्खा, पाकळी, तुकडा, तीन ट्रे.
केसाएवढी चीर असलेला गर
तो उजेडात धरतो आणि बाजूला काढतो.
शेजारच्या बायका म्हणतात, अरे, चालतं रे तेवढं!
त्याला चालत नाही.
मालक प्रियोळकर म्हणाले, महिनाभर बघू,
आणि माझ्याकडे बघत राहिले,
जणू काजू मी निवडणार होते.

दुसऱ्या आठवड्यात मी बोटीच्या दुसऱ्या टोकाला,
माशांच्या पाट्यांआड.
त्याने मला शोधलं, हात केला.
मी हात केला नाही.
हे मला कुठल्याही प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं,
हात खिशात ठेवणं.

तिसऱ्या आठवड्यात मी धक्क्यावरच राहिले.
तो डबा छातीशी धरून आत गेला.
बोट सुटली, वळली.
त्याने मागे पाहिलं नाही.
हेच हवं होतं, असं मी
अहवालात लिहिलं.

मग एक मंगळवार.
इंजिन बिघडलं, फेरी बंद.
अठ्ठावीस चित्रं होती त्याच्या वहीत, प्रत्येक पायरीचं एक:
घड्याळ, चप्पल, डबा, धक्का, फळी, निळं दार...
फेरी नसल्याचं चित्र मी काढलंच नव्हतं.
सव्वाआठला कळलं. मी वर्ग तसाच सोडून निघाले,
स्कूटर दोनदा बंद पडली,
वाटेतल्या प्रत्येक वळणावर
मी त्याला पाण्यात पाहिलं.

तो धक्क्याच्या कठड्यावर बसला होता.
डबा उघडलेला, अर्धी पोळी संपलेली.
मालकांना फोन केलास?
केला.
काय सांगितलंस?
म्हणाला, फेरी नाही. मी आहे.

मी त्याच्या शेजारी बसले.
बऱ्याच दिवसांनी शेजारी.
त्याने उरलेल्या पोळीचे दोन भाग केले,
बारकाईने, समान नाही झाले
म्हणून मोठा मला दिला.

एक तारखेला पाकीट आलं.
फॅनला पुरेल एवढं नाही.
आईने ते देवापुढे ठेवलं,
त्याने तिथून उचललं, नोटा मोजल्या,
पुन्हा ठेवलं.

आता मार्चपासून फेलिसिता.
डोकं तल्लख, हिशेब तोंडी,
पंचायतीत टायपिंगची जागा रिकामी आहे.
तिच्या चाकाच्या खुर्चीची रुंदी सव्वीस इंच.
काल जाऊन पंचायतीचं दार मोजलं, चोवीस.
आणि बाहेर तीन पायऱ्या.
सरपंच म्हणाले, मुलगी चांगली आहे हो,
पण पायऱ्या जुन्या आहेत.

मी टेप गुंडाळून पर्समध्ये टाकली.
उद्या पुन्हा जाते,
या वेळी तिला घेऊन.
मोजमाप तीच सांगेल.