पाच मीटर बाय पाच मीटर

सकाळच्या पहिल्या फेरीबोटीनं मी चोडणला उतरते,
समोरून चढणाऱ्या एका गाईला वाट देत.
काखेत चार खुंट्या, सुतळीचा गुंडा,
पिशवीत ताणकाटा, आणि यादृच्छिक आकड्यांचा तक्ता,
ज्यानं काल ऑफिसातच ठरवून टाकलंय
की या शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून
एकोणीस पावलं आत, सात पावलं डावीकडे
मी वाकायचं.

शेवंती गावडे बांधावर उकिडवी बसून बघते.
"तिथं कुर्ल्यांनी खाल्लंय गे बाय.
जरा अलीकडे घे. इथं बघ कसं भरलंय कोरगुट."
अलीकडे घेता येत नाही.
मी खुंट्या ठोकते. खाजनाचा चिखल
त्या निम्म्या गिळतो
आणि चव न आवडल्यासारखा
वाकड्या करून ठेवतो.

कापायला माणसं हवीत.
गावातली दोन होती:
एक कसिनोच्या बोटीवर रात्रपाळी करून आता झोपलाय,
दुसऱ्याचे गुडघे.
म्हणून लखींद्र आणि त्याचा मेहुणा, झारखंडाहून आलेले,
मानशीजवळच्या खोपीत राहणारे.
लखींद्र विळा अगदी मुळाशी धरतो.
त्याच्या गावी पेंढा लांब लागतो, गुरांना.
"हांगा खातलें कोण तें?" शेवंती विचारते.
भाषा न कळून तो हसतो.
हात मात्र खालीच राहतो.

पाच किलो सहाशे ग्रॅम, ओलं.
चारशेनं गुणलं की हेक्टर होतो,
हेक्टरांची बेरीज केली की तालुका,
आणि तालुक्यांचा म्हणे
दिल्लीत एक ठिपका होतो.
शेवंती एक लोंबी तळव्यावर चोळते,
फुंकर घालते, पोकळ दाणे उडू देते,
उरलेल्यांकडे एक डोळा मिटून बघते.
"धा खंडी. वर तीन कुडव.
उधाणानं मानस फोडली नाही, तर."

फॉर्मवर 'तर' लिहायला जागा नाही.

दुपारी गुरं.
बैल, तीन वर्षांवरील, कामाचे:
गोठ्यात नातवाची स्कूटर आहे
आणि पक्षी बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी
भाड्यानं द्यायची एक निळी होडी.
"दोन लिही," ती म्हणते.
कुठायत दोन?
"जू टांगलंय ना वर. ते मग कोणाचं?"
मी शून्य काढते, गोल, नीट,
आणि वही थोडी माझ्याकडे वळवते.

गाय?
"एक. तांबू."
कुठाय?
"पल्याड."
रोज पहिल्या बोटीनं रायबंदरला जाते तांबू,
भाजीवालीच्या पाटीखालची कोबीची पानं खाते,
पाचच्या बोटीनं घरी.
चालत चढणाऱ्याला तिकीट नसतं,
तिलाही नाही.

मी रायबंदरच्या आल्वितोला फोन लावते.
तांबडी? एक शिंग मोडकं?
तिला त्यानं मंगळवारीच धरलीय यादीत,
भटकी, मालक अज्ञात.
म्हणजे नदीच्या या तीरावर एक
आणि त्या तीरावर एक.
खोडायची कोणी, यावर आम्ही बराच वेळ बोलतो,
मग त्याचं नेटवर्क जातं.
शेवंतीला सांगते तर ती पदर तोंडात धरून
खोकला लागेपर्यंत हसते.
"बरं झालं गे! जोडी जमली."
आणि वर जुवाकडे बघते.

लखींद्रला कुठं लिहायचं, हे राहूनच गेलं.
कायम नाही, घरचा नाही,
हंगामीला पुरावा लागतो.
त्यानं मघाशी स्वतःहून विचारलं होतं,
माझं नाव घेणार का,
आणि मी म्हटलं होतं, बघते.

पाच वाजता धक्क्यावर
भाताची पिशवी पायाशी ठेवून मी उभी.
उन्हात वाळवून परत तोलायचीय ती,
तिच्यावर मोहर आहे, माझी सही आहे.
बोट लागते. आधी मोटारसायकली, मग शाळेची पोरं,
सगळ्यांत शेवटी, घाई नसल्यासारखी, तांबू.
माझ्यापाशी थांबते.
मान खाली घालते, सुतळीची गाठ नाकानं सारते
आणि तोंडभर घेते.

मी पिशवी ओढली नाही.
किती खाल्लं, तेही मांडलं नाही कुठं.
बोटीवरून मी वरती आकडा कळवला,
पाच किलो सहाशे,
तेव्हा काठावर ती अजून रवंथ करत होती
आणि पाणी मानशीच्या खालच्या फळीपर्यंत आलं होतं.