नग एक, पितळी

मार्चअखेर. नगरपरिषदेच्या भांडारात
भंगाराच्या लिलावाची यादी करत बसलोय.
पाण्याचे मीटर, गोणीभर.
टायपरायटर तीन, पैकी एकाचा ‘क्ष’ तुटलेला.
बाहेर भर दुपारी खांबाखांबावर दिवे जळतायत,
टायमर बिघडलाय, दोनदा फोन येऊन गेला.
आणि गोणीच्या तळाशी हे,
नारळाएवढं, पण उचलताना मनगट वाकवणारं
पितळी डबडं.

आत तांब्याच्या तारेचं रीळ,
रिळाच्या पोटात करंगळीएवढी लोखंडी कांडी,
कांडीखाली तोटी.
वर घड्याळाची तबकडी, आकडे उर्दूत,
दोन ठिकाणी दोन खिट्ट्या.

हुडगे अप्पा पंख्याखाली बसायला रोज येतात.
शाळा उर्दूत झालेली. त्यांनी चष्मा कपाळावर घेतला.
“सात. अन् हे साडेधा.
दिवे लावायचं यंत्र हाय बाबा. इझवायचंबी.”

मग उदगीर सांगितलं त्यांनी, निजामाच्या वेळचं:
चौबाऱ्यापासून खाली अकरा दिवे,
कारबेटचा गॅस, लसणासारखा वास,
आणि लाडलेसाब. खांद्यावर शिडी,
पगार सात रुपये, हाली.
त्याचे साडेदहा कधी नवालाच वाजायचे, चांदणं असलं की.
देवणीच्या बाजारातून बैलजोड्या यायच्या असल्या
तर शेवटचा दिवा तो ठेवायचा.
कुणाच्या घरात मढं असलं
तर त्या दारापुरती रात्र सगळीच उजेडाची.
हे कुठं लिहिलेलं नव्हतं.

मग हैदराबादेहून इंजिनेर आला.
अकरा डबडी, काचेच्या बरण्यांतली बॅटरी, तार.
गाव लोटला. सात वाजले.
टक्.
अकराच्या अकरा, एका दमात!
पोरांनी शिट्ट्या मारल्या, बायांनी हात जोडले,
टाळ्या लाडलेसाबनंही वाजवल्या.

साडेदहाला परत टक्.
गावानं अंधार असा एकदम पडलेला
कधी पाहिला नव्हता.
आजवर तो यायचा दिव्यादिव्यानं,
शिडी टेकवत, खोकत.

लाडलेसाबला काचा पुसायला ठेवलं. चार रुपये.

पण सातवा दिवा विझेना.
बारीक, हरभऱ्याएवढा, जळत राहायचा रात्रभर.
इंजिनेर तीनदा आला. रीळ बदललं, घड्याळ बदललं.
त्याच्यासमोर विझायचा, नीट.
तो गेला की दुसऱ्या रात्री पुन्हा हरभरा.
त्या दिव्याखाली हणमव्वाचं दार होतं.
घोंगड्यांची लोकर कातायची,
उंबऱ्यावर बसून, कोंबडा आरवेस्तोवर.

“कामून पण?” मी विचारलं.
“काय म्हाईत. लोक काय काय बोलायचे.
मी ल्हान होतो.”
अप्पांनी चष्मा खाली घेतला.
“काचा पुसायला तोच चढायचा ना वर.”

मी डबडं उलटं केलं. बुडाला ठोकलेला एक आकडा,
उघड्या चिमट्यासारखा.
अप्पांनी त्यावरून अंगठा फिरवला
आणि काही बोलले नाहीत.

टॉर्चमधले दोन सेल काढले.
तारेची टोकं खरवडून लावली.
वाटलं नव्हतं. पण
टक्.
कांडी वर गेली.
सेल काढले. कांडी खाली आली,
आणि तोटीपासून गव्हाभर वर अडकली.
वाकून फुंकर मारली, गंज उडाला.
खाली एक काडी होती, लाकडाची,
तासून पातळ केलेली,
इतक्या वर्षांत काळी पडलेली.
नखानं हलवून पाहिली.
बसवणाऱ्यानं नीट बसवली होती.

नग एक. पितळी. वजन सव्वादोन किलो.
शेऱ्याच्या रकान्यावर पेन थांबलंय.

“लिही, नादुरुस्त,” अप्पा म्हणाले.
“इंजिनेरबी तेच लिहून गेलता.”